विषय: शस्त्रक्रियेनंतरच्या संचातली आखूड कॉलर, आमच्या आबोली कुत्रीचे तुटलेले टाके आणि २३ जूनचा फोन

व्यवस्थापक,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा सहावा फोन ठेवला. सातवा करणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कॉलर कशासाठी असते हे तुम्हाला सांगायला नको: कुत्र्याची जीभ टाक्यांपर्यंत पोचू नये म्हणून. तिची कड नाकाच्या शेंड्यापेक्षा दोन-तीन बोटं पुढे आली नाही, तर ती घातली काय आणि न घातली काय. म्हणूनच ऑर्डर घेताना तुम्ही मानेचा घेर आणि गळ्यापासून नाकापर्यंतची लांबी विचारता. मी शिवणाची टेप लावून दोनदा मोजलं आणि दोन्ही आकडे भरले. घेर ३६ सेंटिमीटर, लांबी २४. तुमच्याकडून आलेली कॉलर १७ सेंटिमीटर खोल! आकड्यांकडे कुणी पाहिलंच नाही. वजन १६ किलो म्हणजे मीडियम, एवढ्यावर पार्सल बांधलं. आमची आबोली गावठी आहे, अंगाने सडपातळ आणि तोंडाने लांबोळी. तिच्या वजनाच्या आखूड तोंडाच्या कुत्र्याला जे पुरेल ते तिला कसं पुरणार?

१४ जूनला संध्याकाळी पार्सल आलं आणि पंधरा मिनिटांत मी फोन केला. गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया १७ ला आहे, बदलून द्या, म्हणाले. उत्तर मिळालं की गोव्याला ७ ते १० दिवस लागतील. मग पुढे, ‘कापड मऊ आहे मॅडम, थोडी कमी पडली तरी तोंड पोटापर्यंत पोचत नाही, निश्चिंत राहा.’ त्या शब्दावर मी विसंबले. पणजीला जाऊन दुसरी आणली नाही, याची बोच मला आजही आहे.

बाकी कशात आम्ही कसूर ठेवली नव्हती. फोंड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून घेतलं. आमच्याकडे पावसाळ्यात गोचीड ताप फार. त्यात प्लेटलेट्स उतरतात आणि गर्भाशय काढताना रक्त थांबेनासं होतं. अहवाल चांगला आला तेव्हाच तारीख दिली. आदल्या रात्री नऊनंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत. घरी आणल्यावर ती थंडीने कुडकुडत होती, गोधडीत गुंडाळून मी रात्रभर शेजारी बसले. आधी चमच्याने पाणी, ते पोटात टिकलं तेव्हा उकड्या तांदळाची पातळ पेज. बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या पडवीतल्या, बसायच्या कट्ट्यावर तिने उडी मारू नये म्हणून तिथे खुर्च्या आडव्या लावल्या. पावसात बाहेर नेऊन आणलं की पोटाला पाणी लागलेलं नाही ना, हे बघून पाय कोरडे करायचे. सकाळ-संध्याकाळ टॉर्च लावून टाके बघायचे. आणि तुमची कॉलर दिवसरात्र गळ्यात.

२० जूनला पहाटे तीनला चप् चप् असा आवाज आला. पाऊस कोसळत होता, आधी वाटलं पागोळी गळते. दिवा लावला तर आबोली कुशीवर पडलेली, कॉलरची कड दुमडून गालाखाली गेलेली आणि जीभ थेट जखमेवर. दोन टाके दातांनी उपसलेले. नखाएवढी फट पडली होती आणि आत ओलं लाल दिसत होतं. माझे हात इतके कापत होते की डॉक्टरांचा नंबर लागेना.

आतले स्नायूंचे टाके शाबूत होते, फक्त कातडी उसवली होती, म्हणून निभावलं. पण तीन दिवसांत दुसऱ्यांदा भूल. जखम धुऊन पुन्हा टाके. माझा नवरा भर पावसात स्कूटरने बाणस्तारीवरून पणजीला गेला आणि प्लास्टिकची ताठ कॉलर घेऊन आला. ती २६ सेंटिमीटर आहे. ती घातल्यापासून एकदाही जीभ पोचलेली नाही.

आता २३ तारखेचा फोन. तो शब्दन् शब्द सांगते, कारण तो माझ्या कानातून जात नाही. मी सगळं सांगितलं. तुमचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, कुत्रं आहे, चाटणारच. चाटल्याने जखम लवकर भरते.’ मी म्हटलं, टाके तुटलेत, परत भूल द्यावी लागली. तो म्हणाला, ‘ब्रीड कुठलं?’ मला वाटलं मापासाठी विचारतोय. म्हटलं, गावठी. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘अहो, मग एवढं काय? गावठी काटक असतात. आमच्या गावाकडे टाकेसुद्धा घालत नाहीत.’ मागे कुणीतरी हसलं. मी वरिष्ठांना द्या म्हटलं. ‘तेही हेच सांगतील,’ म्हणाला आणि फोन ठेवला.

जखमेच्या काळजीवर धंदा करणाऱ्या कंपनीचा माणूस चाटल्याने जखम भरते म्हणतो! तोंडातले जंतू जखमेत जातात, सारखं चाटून कातडी सोलली जाते, पुढचे दात टाके उपसतात. तसं नसतं तर तुम्ही कॉलर विकताच कशाला? आणि गावठी आहे म्हणून तिला कमी दुखतं का? ती पाच वर्षं आमच्या घरची आहे. तुमच्या फॉर्ममध्ये जातींची एवढी लांबलचक यादी आहे, त्यात गावठी कुत्र्याला जागा नाही, ‘इतर’ निवडावं लागतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

संचातल्या पत्रकात छापलंय, ‘झोप नीट लागावी म्हणून रात्री कॉलर काढून ठेवा.’ रात्रीच तर लक्ष ठेवायला कुणी जागं नसतं. टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, कॉलर काढायची नाही, असं आमच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. तुमचं पत्रक वाचून कुणीतरी आज रात्री ती काढून ठेवेल. ते पत्रक आधी मागे घ्या.

संचाचे १,४५० रुपये आणि दुसऱ्या वेळचं बिल भरून द्या. पावत्या, टाक्यांचे फोटो आणि टेप लावून काढलेला कॉलरचा फोटो सोबत जोडले आहेत. माप मी दिलं होतं, ते तुमच्या ऑर्डरमध्ये नोंदलेलं आहे, हे पुन्हा सांगते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दाद मागता येते, तुमच्या शहरात यायची गरज नाही.

आणि त्या माणसाला सांगा, तिचं नाव आबोली आहे. टाके ३ जुलैला निघतील.

एक ग्राहक,
फोंडा, गोवा