चोर स्विच

कराड,
कोजागरीची रात्र

चि. शुभा हिस,
अनेक आशीर्वाद.

गाडी चालायला लागली की स्टिरिओचा पडदा अडतो, तो अडू नये म्हणून लपवून बसवायच्या स्विचचा तू पाठवलेला नकाशा मिळाला. फोनवर आलेला फोटो मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेतला. वायरिंगचं चित्र मला काचेवर वाचता येत नाही, रेघेवर बोट ठेवून जावं लागतं. चित्र चांगलं आहे. स्टिरिओची फिकट हिरवी वायर, टॉगल स्विच, गाडीच्या पत्र्याला दिलेला बॉडी अर्थ, आणि स्विचची जागा फ्यूजच्या झाकणामागे. चूक काढायचा मी बराच प्रयत्न केला, सापडली नाही. डिप्लोमाची फी वाया गेली नाही म्हणायची.

खाली लिहिलंयस, "आप्पा, दिवाळीत आले की अर्ध्या तासाचं काम." अर्धा तास कशाला, वीस मिनिटांत होईल. पण मी ते करणार नाही, आणि तू करणार म्हणालीस तर हत्यारंही देणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर दुसऱ्या वाक्याला तू मध्ये तोंड घातलं असतंस, म्हणून लिहायला बसलो. तुझी आई गच्चीवर दूध आटवते आहे. तिच्या हिशेबाने अजून तासभर आहे.

आधी तुझं जे बरोबर आहे ते कबूल करतो. शेजारी बसलेल्या माणसाने पत्ता टाइप करायला घेतला तरी तो पडदा अडतो, कारण बोट कोणाचं आहे हे त्याला कळत नाही. आवाज कमी करायला गोल बटण नाही, काच चाचपडावी लागते. जुन्या कॅसेटच्या टेपला दोन बटणं असायची, ती मी अंधारात, पावसात, एका हाताने फिरवायचो आणि नजर रस्त्यावरच असायची. आता नव्या गाड्यांत एसीसुद्धा काचेत कोंबलाय. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी युरो एनकॅप म्हणून संस्था आहे. पुरे गुण हवे असतील तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या गोष्टींना हाताला लागणारी बटणं ठेवा, असं तिने 2026 पासूनच्या नियमात घातलं. म्हणजे पडदा करणारे शहाणे आणि आपण वेडे, असं मी मुळीच म्हणत नाही. तुझा राग खरा आहे. त्यावर शोधलेला उपाय मला नको आहे.

तुला माहीत आहे, हे दुकान चोर स्विचवर उभं राहिलं. कोल्हापूर नाक्यावर टपरी टाकली तेव्हा डायनामो आणि सेल्फ दुरुस्त करणारे माझ्यापेक्षा जुने चार जण होते. माझं नाव झालं ते लपवण्यात. जीप, ॲम्बेसेडर, प्रीमियर, जी येईल तिच्या इग्निशनच्या वायरीत एक छोटा स्विच घालायचा आणि तो अशा जागी बसवायचा की चोराने चावी जुळवली तरी गाडी घर्र करून गप्प. ॲश ट्रेच्या मागे, सीटच्या पट्टीखाली, एकदा तर हॉर्नच्या पितळी भोंग्यात. एक डॉक्टर स्वतःचाच स्विच विसरले आणि रात्री अकराला मला स्कूटरवरून घेऊन गेले. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा, त्याच घराण्यातला हा चोर स्विच. चोरखिशात चोराचा हात जाऊ नये म्हणून तो चोरखिसा. तुझा स्विच कोणापासून लपवायचा, हे मात्र मला त्या नकाशात सापडलं नाही. आरटीओपासून म्हणशील. बघ विचार करून.

आता एक गोष्ट सांगतो, जी पंधरा-सोळा वर्षं सांगितली नाही.

हँडब्रेकच्या दांड्याखाली एक बारीक स्विच असतो. दांडा वर ओढला की तो वायरीला बॉडी अर्थ देतो आणि डॅशबोर्डवर लाल दिवा पेटतो. स्टिरिओ त्याच वायरीला कान लावून बसतो. अर्थ मिळाला म्हणजे गाडी उभी आहे, मग दाखवा सिनेमा. यात अक्कल एवढीच आहे, म्हणून तर तो फसवायला सोपा. हल्लीचे काही स्टिरिओ एका अर्थवर भागवत नाहीत, हँडब्रेक ओढा, सोडा, पुन्हा ओढा असं करायला लावतात. कंपनीतून आलेला पडदा चाकाच्या सेन्सरकडून वेगच विचारून घेतो, तिथे ही युक्ती चालत नाही. पण 2009 साली इतकं काही नव्हतं.

पाटणकडचा एक वडापवाला आला. कराड-चिपळूण करायचा, कुंभार्ली घाटातून. डॅशबोर्डात डीव्हीडीचा पडदा घेतला होता, पॅसेंजरला सिनेमा दाखवायचा म्हणून. ज्याच्या गाडीत सिनेमा त्याची गाडी आधी भरायची. पडदा चालत्या गाडीत लागेना. मी म्हटलं, वीस मिनिटं. स्टिरिओकडे जाणारा फाटा आधी तोडून वेगळा करायचा असतो. तू तो चित्रात केलायस, मी केला नाही. घाई होती, दुपारचे दोन वाजले होते, भूक लागली होती. सरळ एकत्र वायरीलाच अर्थ दिला. पडदा लागला. डॅशबोर्डवरचा दिवाही लागला, आणि स्विच चालू असेपर्यंत तो विझायचा नाही.

संध्याकाळी तो परत आला. "उस्ताद, दिवा पेटतोय."

मी म्हटलं, "पेटू दे. हँडब्रेकचाच आहे."

हे वाक्य मी त्याला माझ्या तोंडाने म्हटलं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑईल कमी झालं की तोच दिवा पेटतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं.

पुढे तीनेक महिन्यांनी मागच्या चाकाच्या सिलिंडरमधून ऑईल झिरपायला लागलं. दिवा पेटलाच असणार. तो आधीपासूनच पेटलेला होता. चिपळूणच्या बाजूला उतरताना पॅडल निम्म्याच्या खाली गेलं. पुढचे ब्रेक होते म्हणून वाचले. त्याने गाडी दुसऱ्यात टाकली, मग पहिल्यात, आणि दरीची बाजू सोडून डोंगराकडच्या गटारात घासत नेऊन उभी केली. आत अकरा माणसं होती. एका म्हातारीचं मनगट मोडलं, बाकी खरचटलं. तो गाडी ओढून माझ्याकडेच घेऊन आला, हेडलाइटचं वायरिंग तुटलं होतं म्हणून. मला एक शब्द बोलला नाही, कारण त्याला कळलंच नव्हतं. मी बॉनेट उघडलं, ऑईलची डबी तळाला गेलेली. चावी फिरवली, लाल दिवा. स्विच बंद केला, तरी लाल दिवा.

हेडलाइटचे पैसे मी घेतले नाहीत. का, ते त्याला सांगितलंही नाही. त्याला वाटलं, आप्पा भला माणूस.

त्या संध्याकाळी मी तो स्विच काढला. तू शाळेतून येऊन स्टुलावर बसली होतीस, हातात घेऊन टकटक वाजवत होतीस. "आप्पा, हा कशाचा?" मी म्हटलं, "पंख्याचा." तो पंख्याचा नव्हता.

आता तू म्हणणार, ही ब्रेक ऑईलची गोष्ट झाली, पडद्याची कुठे? आणि माझ्या नकाशात फाटा वेगळा काढलाय, दिवा बरोबर चालेल. कबूल. तुझं काम माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. दिवा खोटं बोलणार नाही. उरलीस तू.

मी काल एक उद्योग केला. ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, हे तुला तोंडपाठ असेल. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने 2013 साली पडद्यांसाठी नियम सुचवले, त्यात एका वेळी नजर जास्तीत जास्त दोन सेकंद हलावी असं धरलंय. बरं, दोन सेकंद धरू. चव्वेचाळीस मीटर. ते पावलांनी मोजले. दुकानाच्या शटरपासून निघालो, पंक्चरवाला, स्वीट मार्ट, एटीएम, आणि साठावं पाऊल रसवंतीच्या घुंगरांपाशी पडलं. मधल्या वाटेत मला माणसं किती भेटली सांगू? एक पोरगा सायकल उलटी चालवत होता. दोन बायका भाजीची पिशवी मध्ये धरून रस्ता ओलांडत होत्या. एक कुत्रं. रसवंतीवाला म्हणाला, आप्पा, काय हरवलंय? हे सगळं डोळे मिटून पार करायचं, आणि तेही पडद्यावर फक्त दोनच सेकंद पाहिलंस तर. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीचं नाव दोन सेकंदांत टाइप करून दाखव, मी स्विच बसवतो.

आणि तुझा रस्ता कुठला? रविवारी रात्री कराडहून निघायचं. सहापदरीचं काम अजून चाललंय, गेल्या खेपेला उजवीकडे असलेलं डायव्हर्जन या खेपेला डावीकडे. पुढे खंबाटकीचा बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की उतारावरचं ते एस वळण. तिथे किती गाड्या गेल्या ते तुला मी सांगायला नको, आपण दोघांनी उलटलेला कंटेनर पाहिलाय, कांदे रस्ताभर. बोगद्यात नकाशा मध्येच अडकतो, आणि बाहेर आल्यावर माणूस हमखास पडद्याकडे बघतो, आलाय का परत म्हणून. मीसुद्धा बघतो. तेवढ्यात वळण येतं.

तुझे बाकीचे मुद्दे व्हॉट्सॲपवर वाचले. टेस्लामध्ये चालत्या गाडीत गेम खेळता येतात म्हणालीस. येत होते. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या त्याच खात्याने सुमारे 5 लाख 80 हजार गाड्यांची चौकशी सुरू केली आणि कंपनीने गेम चालत्या गाडीत बंद करायचं मान्य केलं. जपानमध्ये असले स्विच खोक्यात विकत मिळतात, तुझ्या नागोयाच्या मैत्रिणीने फोटो पाठवला. मिळत असतील. पण तिथेच 1 डिसेंबर 2019 पासून चालवताना पडद्याकडे टक लावून बघणाऱ्याला साध्या गाडीसाठी 18,000 येन दंड आणि लायसन्सवर दोषाचे तीन गुण लागतात. स्विच विकणारा वेगळा, दंड भरणारा वेगळा, तसं सगळीकडेच आहे. आपल्याकडे फोन हातात धरून चालवलं तर 2019 पासून कलम 184 खाली हजार ते पाच हजार. नकाशापुरती सूट आहे, तीही लक्ष ढळणार नाही अशा बेताने. दंडाचं मी फार मनावर घेत नाही. पावती फाडून माणूस घरी तरी येतो.

आईला गाडीत मालिका बघता येईल, हे तू मध्ये आणलंस ते मला आवडलं नाही. मी तिला विचारलं. म्हणाली, "मी गाडीत कधी मालिका बघितली? मला पाचव्या मिनिटाला मळमळतं." तेव्हा तिच्या नावावर बिल फाडू नकोस.

दिवाळीत काय करून देईन ते लिहितो. स्टीअरिंगवर बटणं बसवू, आवाज आणि फोन अंगठ्याखाली येईल. तुझ्या स्टिरिओला त्याची वायर निघते, मी बघून ठेवलंय. माइक तुझ्या डोक्यावरच्या दिव्यापाशी वर घेऊ, म्हणजे पत्ता बोलून टाकताना "कोथरूड"चं "को थ्रू" होणार नाही. पत्ता मात्र पार्किंगमध्येच टाकायचा. चुकला तर पुढच्या पंपावर थांबायचं, तिथे चहा बरा मिळतो. आणि मागे कोणी लावून गेलेलं ते ब्रेक लाइटचं वायरिंग सोडवून पुन्हा करायचंय, त्यात नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली मी गेल्या वेळी पाहिली, सोल्डरचा पत्ता नाही. लाज वाटते असलं काम बघून.

शिवाय एक चोर स्विच. खरा. तुझी गाडी पुण्यात रस्त्यावर उभी असते आणि चावीत चिप नाही. पूर्वी मी इग्निशनवर टाकायचो, नंतर पुष्कळजण पेट्रोल पंपाच्या वायरीवर टाकायला लागले. तुझ्या गाडीत दोन्ही नको. स्विच कधी सैल झाला तर इंजिन ऐन घाटात बंद पडेल. सेल्फच्या रिलेच्या बारीक वायरीत टाकू. बिघडला तर गाडी फार तर चालू होणार नाही, चालती बंद पडणार नाही. जागा ठरवून ठेवलीय, पण ती पत्रात लिहीत नाही. आलीस की सांगतो.

दुधाची हाक आली. येताना माझा टेस्ट लॅम्प आण, लाल मुठीचा, गणपतीत तुझ्याकडे राहिलाय.

तुझा,
आप्पा