मुलीवरचा ‘शाब्दिक’ शिक्का काढा, आकृत्या परत द्या

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : गणिताच्या ॲपने चुकीची अध्ययन शैली ठरवल्याबाबत

महोदय,

तुमच्या ॲपची वर्षाची वर्गणी मी आगाऊ भरली आहे. माझी मुलगी सहावीत आहे. ॲपने तिला परस्पर ‘शाब्दिक शैलीची विद्यार्थिनी’, म्हणजे शब्दांतूनच चांगले शिकणारी, ठरवले आणि तेव्हापासून प्रत्येक पाठ नुसता मजकुरात येतो. कोनांच्या पाठातही आकृती नाही. शिरोबिंदू, भुजा, लघुकोन, विशालकोन, सगळे परिच्छेदांत! शेवटी मी वहीत कोनमापक ठेवून कोन काढून दाखवले, तेव्हा तिला लगेच कळले.

मूल कुठल्या पानावर किती वेळ थांबते आणि काय अर्धवट सोडते, यावरून शैली ओळखली जाते, असे तुमच्या मदत केंद्राने सांगितले. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. पावसाळ्यात वीज जाते, रेंज जाते, व्हिडिओ मध्येच अडकतो. म्हणून ती तो सोडते. मजकुरावर ती रेंगाळते, कारण चौथीपर्यंत ती सरकारी मराठी शाळेत होती आणि पाचवीपासून गणितही इंग्रजीत आले. गोव्यातल्या कितीतरी मुलांची हीच वाट आहे. एकेक शब्द लावत ती वाचते. तुमच्या प्रणालीने तिच्या अडचणीलाच तिची आवड मानले, आणि जे तिला जड जाते तेच आणखी वाढून दिले.

माहितीपत्रकात तुम्ही अध्ययन शैलींच्या फेल्डर-सिल्व्हरमन प्रतिमानाचा आधार सांगता. ते १९८८ साली अभियांत्रिकी शिक्षणासाठी मांडले गेले, शाळकरी मुलांसाठी नव्हे. शिवाय शैलीनुसार शिकवल्याने शिक्षण सुधारते याला पुरेसा पुरावा नाही, असे मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८च्या आढाव्यात स्पष्ट लिहिले आहे. असे असताना मुलांसमोरून आकृत्या काढून घेण्याचे धाडस होते कसे, याचा मला राग आहे.

हा शिक्का ताबडतोब काढा आणि सर्व पाठ आकृत्या व व्हिडिओंसह खुले करा. शैली-ओळख बंद करण्याची सोय पालकांच्या हाती द्या. आजवर नोंदवलेली तिची माहिती आम्हाला दाखवून पुसून टाका. हे जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन.

आपली,
एक पालक
वाळपई, सत्तरी, गोवा