त्या निळ्या वहीबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी ठीक आहे. फोनवरच बोलणार होते, पण फोनवर आई "बरं, झोप होते ना नीट?" म्हणून विषय बदलते आणि मग मीही बदलते. दोनदा झालं असं. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मध्ये थांबू नका.

गेल्या खेपेला आले होते तेव्हा पेन शोधताना कपाटाच्या खालच्या खणात आईची निळी वही हाती लागली. हिशेबाची असेल म्हणून उघडली. आत त्या दिवशीचा आपला फोन होता, आई. डावीकडे मी काय म्हणाले, उजवीकडे तू काय म्हणालीस, ओळीनं. तुझ्या तीन वाक्यांखाली रेघा मारलेल्या. "थकवा सगळ्यांनाच येतो गं" याच्याखाली तर दोन, आणि शेजारी बारीक अक्षरात: "इथे विचारायला हवं होतं."

मी वही होती तशी ठेवून दिली. त्याच रात्री बाबा पाणी प्यायला उठले आणि मला लॅपटॉपसमोर डोळे पुसताना त्यांनी पाहिलं. "ऑफिसचं काही?" असं विचारलंत तुम्ही. मी म्हटलं, गेम आहे. तुम्ही पडद्यावरच्या त्या रंगीत केसांच्या मुली बघितल्यात, काही बोलला नाहीत, फक्त खोलीतला दिवा लावून गेलात. त्या वहीचं आणि त्या गेमचं माझ्या मनात तेव्हापासून एकच झालं आहे. ते कसं, तेच सांगायचं आहे.

गेमचं नाव "डोकी डोकी लिटरेचर क्लब". डोकी डोकी म्हणजे जपानीत छातीतली धडधड. नाव जपानी वळणाचं असलं तरी बनवला आहे अमेरिकेतल्या डॅन साल्वाटो यांनी, अगदी छोट्या चमूला घेऊन. मोठ्या कंपनीचा पैसा पाठीशी नाही, अशा गेमला इंडी म्हणतात. 22 सप्टेंबर 2017 ला तो फुकट उपलब्ध झाला आणि पहिल्या 3 महिन्यांतच 10 लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाला. प्रकार व्हिज्युअल नॉव्हेलचा. म्हणजे मागे चित्र, खाली मजकूर, आपण क्लिक करत वाचत जायचं. मधूनच दोन-तीन पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा. मारामारी नाही, धावपळ नाही. गोष्टच वाचायची, पण त्यातला एक माणूस होऊन.

शाळेतलं एक साहित्य मंडळ, त्यात चार मुली आणि नवीन आलेला मुलगा, म्हणजे आपण. रोज कविता लिहून आणायची. कविता लिहायची तऱ्हाही छान आहे: पडद्यावर शब्द येतात, त्यातले 20 निवडायचे. कडेला मुलींची छोटी छोटी चित्रं असतात. आपण निवडलेला शब्द जिला आवडतो ती टुणकन उडी मारते. त्या मुलाची लहानपणापासूनची मैत्रीण आहे सायोरी. हसरी, धांदरट, सगळ्यांची भांडणं मिटवणारी. तिच्यासाठी शब्द निवडायचे म्हणून मी "आनंद", "मित्र" असं काहीबाही निवडत गेले आणि ती उड्या मारत राहिली. मग चुकून "रिकामं" या अर्थाचा शब्द दाबला गेला. तीच उडाली. "वेदना" दाबला. पुन्हा तीच. मी हात मागे घेतला. गेमनं तोवर तिच्याबद्दल एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं आणि सगळं सांगून झालं होतं.

ती रोज सकाळी उशिरा उठते. तो मुलगा रोज तिला त्यावरून बोलतो, गमतीनंच. पुढे एके दिवशी ती सांगते की उठायला काही कारणच सापडत नाही, म्हणून उशीर होतो. लहानपणापासून असंच आहे. आणि कुणी काळजी करायला लागलं की जास्तच दुखतं, म्हणून कुणाला कळू दिलं नाही. बाबा, "सूर्य डोक्यावर आला" हे तुमचं वाक्य मला त्या क्षणी आठवलं, हे लपवत नाही. पण त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याला दिसत होती उशिरा उठणारी हसरी मैत्रीण. तुम्हालाही तेच दिसत होतं, कारण मी तेवढंच दिसू देत होते.

त्याच दिवशी, नंतर, तिचं त्याच्यावर प्रेम आहे असं ती त्याला सांगते आणि पडद्यावर दोन पर्याय येतात. एक, माझंही तुझ्यावर प्रेम आहे. दुसरा, तू कायम माझी सगळ्यात जवळची मैत्रीण राहशील. निवडायचं. काहीही निवडा, त्यानंतरच्या सकाळी ती जिवंत नसते.

आता खेळणारे काय करतात ते ऐक, आई. ते परत सुरू करतात. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये रूट असतात: हा पर्याय घेतला तर हा शेवट, तो घेतला तर तो. त्यामुळे चुकीचं उत्तर दिलं असेल, असं धरूनच माणूस चालतो. लोक वही घेऊन बसतात. कुठल्या दिवशी कुठला शब्द, कुणाच्या बाजूनं बोललो, कुठे गप्प बसलो, रकाने पाडून लिहितात. मीही लिहिलं होतं. पण मागे जावं म्हटलं तर गेमनं जुने सेव्ह, म्हणजे खेळ मधे जपून ठेवलेल्या जागा, पुसून टाकलेले असतात, आणि नव्यानं सुरू केला तर गोष्ट ती मुलगी नसल्यासारखीच सुरू होते. गेम काढून टाकून पुन्हा नव्यानं बसवला आणि पहिल्यापासून खेळलं तरी तिचं तेच होतं. तो रूटच नाही. लाखो लोकांनी शोधून झालं आहे.

तुझ्या वहीतले दोन रकाने बघितले तेव्हा मला माझाच तो कागद दिसला.

दादानंही खेळला आहे हा गेम. तो चिडला होता. त्याचं म्हणणं, निवडायला लावायचं आणि निवडीला अर्थ ठेवायचा नाही, ही शुद्ध फसवणूक आहे. असं म्हणणारे खूप आहेत. माझ्या ओळखीच्या एकानं तर पहिल्या तासातच सोडला. नुसता लाडिक संवाद चालला आहे म्हणाला, आणि सुरुवात खरोखर संथ आहे. मी काही दिवस दादाच्या बाजूची होते. मग लक्षात आलं की त्या निवडीला अर्थ नसणं, हाच त्या प्रसंगातला सगळ्यात खरा भाग आहे. कितीतरी वर्षं जे आत साचलं आहे ते शेवटच्या संध्याकाळच्या एका वाक्यानं फिरेल, असं आपल्याला वाटतं कारण ते वाक्य आपल्या हातात असतं. बाकीचं नसतं.

त्या फोनवर तू "थकवा सगळ्यांनाच येतो" ऐवजी "काय होतंय गं तुला?" असं विचारलं असतंस, तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे. "काही नाही" म्हटलं असतं. तेव्हा तीन आठवडे मी प्रत्येकाला तेच सांगत होते, विचारणाऱ्यांनाही. तुझ्या वाक्यानं मला काही झालं नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. फोनच्या त्या टोकाला मी होते, मला माहीत आहे.

पण गेमचं सगळंच मला पटलं असं नाही, आणि हेही सांगायलाच हवं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या सख्ख्या भावाला हाच आजार आहे, डिप्रेशन. ती म्हणाली, त्या मुलीचा मृत्यू धक्का म्हणून वापरला आहे. मला ते नाकारता येत नाही. सुरू करतानाच सूचना असते, 13 वर्षांखालच्यांनी खेळू नये, आत मन हादरवणारं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एवढं केलं ते ठीकच. पण ती गेल्यावर पुढच्या भागात ती कुणालाच आठवत नाही आणि गोष्ट भुताटकीसारख्या भीतीकडे वळते. ती नाही म्हणून कुणी रडायलाही थांबत नाही. ज्यांच्या घरात असं काही घडलं आहे त्यांनी हे का सोसावं?

दुसरा वाद मोनिकाचा. ती त्या मंडळाची अध्यक्ष. आपण एका गेममध्ये आहोत हे एकट्या तिला कळलेलं असतं, आणि खेळणाऱ्याचं लक्ष आपल्याकडे वळावं म्हणून ती बाकीच्या मुलींच्या फाइल्समध्ये ढवळाढवळ करते. सायोरीची उदासी तिनं आणखी वाढवलेली असते. काही जण म्हणतात, मग हा आजार कुठला, ही तर कुणाची तरी करणी झाली. आणि ज्यांना आजार झालेला आहे त्यांच्यातले बरेच म्हणतात, अगदी असंच वाटतं, कुणीतरी बाहेरून बटण फिरवत असल्यासारखं. मी या दुसऱ्या लोकांत आहे. माझं मन माझ्याविरुद्ध बोलत होतं तेव्हा तो आवाज माझा नव्हता, पण बोलत माझ्याच तोंडानं होता. मोनिकाही सांगते की उदासी मुळात होतीच, तिनं ती फक्त वाढवली. हे लिहिणाऱ्यानं जपून लिहिलं आहे.

माझं खरं भांडण तिसऱ्याच गोष्टीशी आहे. गेममध्ये सायोरीचा जीव वाचत नाही, कारण लिहिणाऱ्यानं रस्ताच ठेवलेला नाही. तिथे डॉक्टर नाहीत, गोळ्या नाहीत, घरात आई-वडील दिसत नाहीत, एक गोंधळलेला पोरगा आहे फक्त. आजारात रस्ता असतो. मी त्यावरून चालत आले आहे. हे लोकांनाही सलत असणार, म्हणून कितीतरी खेळणाऱ्यांनी स्वतःचे मॉड, म्हणजे गेमच्या बदललेल्या आवृत्त्या, बनवले, ज्यांत तिला वाचवता येतं. पुढे 30 जून 2021 ला आलेल्या "प्लस" आवृत्तीत 6 उपकथा घातल्या आहेत, त्यात या मुली फक्त एकमेकींशी मैत्री करतात. कुणी मरत नाही. चुकतात, माफी मागतात, पुन्हा बोलतात. मला मूळ गेमपेक्षा त्या जास्त जवळच्या वाटतात. धक्का हवा असणाऱ्यांना त्या सपक वाटतील, वाटू देत.

आणि एक शेवट आहे जो त्या रात्री मी बघत होते, बाबा. तो सहज मिळत नाही. सायोरी जाण्याआधी सेव्ह करून, पुन्हा पुन्हा मागे येऊन, मोनिका सोडून बाकी तिघींबरोबरही वेळ घालवावा लागतो. प्रत्येकीचं ऐकावं लागतं. इतकं केलं तरी ती वाचत नाहीच. पण अगदी शेवटी ती येते आणि तुम्ही सगळ्यांसाठी वेळ काढलात म्हणून आभार मानते. मी रडत होते ते तेव्हा. दुःखानं नव्हते रडत. तुम्हाला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

आई, त्या वहीत तो फोन संपतो आणि पुढची पानं कोरी आहेत. ती का कोरी आहेत? फोननंतर चौथ्या दिवशी तुम्ही दोघं माझ्या दारात उभे होतात, मी बोलावलेलं नसताना. डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर तू माझी ओढणी मुठीत धरून बसली होतीस, मी उठून जाईन म्हणून. घरी आणल्यावर बाबा रोज सकाळी माझ्या खोलीत येऊन पडदा सरकवायचे आणि खुर्चीत पेपर वाचत बसायचे. "ऊठ" म्हणायचे नाहीत. इतकी वर्षं म्हणणारा माणूस, सात आठवडे एकदाही म्हणाला नाही. पेपरची पानं उलटल्याचा आवाज ऐकत मी पडून असायचे, आणि एके दिवशी त्यांनी पुरवणी खाली ठेवली तर मी उचलली. त्यातलं काही वाचलं नाही. पण उचलली.

गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी एक कमी केली आहे, मी मनानं नाही केली. झोप होते, आई, नीट होते. सकाळी उठायला अजून कधी कधी वेळ लागतो, आणि तसं झालं की मी आता दादाला मेसेज करते. तो काही विचारत नाही, नुसता फोन चालू ठेवून स्वतःचं आवरत असतो.

पुढच्या महिन्यात येते आहे. गेम बघायचा असेल तर बाबांना त्या शब्दांची कविता तेवढी दाखवीन, पुढचं नको. वही मला लागेल. उरलेली पानं मी लिहिणार आहे, तारखांसकट. काही तारखा दादाकडून घेतल्या आहेत. बाबा, तुम्ही पडदा नक्की किती वाजता सरकवायचात ते आठवून ठेवा. मला सात वाटतं, दादा साडेसहा म्हणतो.

तुमची,
लेक