पगारातून कपात, दवाखान्यात नाव नाही

महोदय,
माझे पती कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडून कास्टिंगच्या ग्राइंडिंगवर आहेत. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, कपात दर महिन्याला असते. लोखंडाचा कण डोळ्यात गेला तेव्हा कळलं, की ठेकेदार बदलल्यापासून हप्ता भरलेलाच नाही. उसनवारी करून उपचार केले, घरी बसलेल्या दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. ऑपरेशनची वेळ आली तर तिचा मोठा आधार. पण सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, बुडालेली मजुरीही नाही. ईएसआयमध्ये दोन्हीची सोय आहे. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे, ३.२५ टक्के मालकाचे, एवढाच हप्ता. तो ठेकेदाराने बुडवला तर मूळ मालकाने भरायचा, हे कायद्यातच आहे. विचारायला गेलं की "उद्यापासून येऊ नका" ऐकावं लागतं, म्हणून कुणी तोंड उघडत नाही.

कामगार खात्याने ठेकेदारांच्या नोंदी स्वतःहून तपासाव्यात. हप्ता भरल्याची पावती दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये. आणि ईएसआय लागू होण्यासाठीची महिना पगाराची २१ हजारांची मर्यादा २०१७ पासून तिथेच अडकली आहे. ती वाढवण्यासाठी राज्याने केंद्राकडे जोर लावावा, ही कळकळीची विनंती.

– एका कामगाराची पत्नी, कुपवाड, जि. सांगली