टोपलीतले डेड सेट : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर खरोखरची बंदी घालण्याबाबत. ('खरोखरची' हा शब्द टिपणी लिहिताना कृपया गाळू नये.)

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी नागपूरचा. सीताबर्डीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय सहाचा काउंटर, एक हीट गन आणि एक स्टूल. एकोणीस वर्षं झाली. बटणाच्या फोनपासून सुरुवात केली, आता डिस्प्ले, चार्जिंग पिन, बॅटरी आणि पाण्यात पडलेले सेट. म्हणजे ज्या वस्तूवर बंदी घाला म्हणून मी तुमच्याकडे मागतोय, तिच्यावरच माझं घर चालतं. हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी काढायला नको.

आपण कामात असता याची कल्पना आहे. म्हणून सरळ मंगळवारी काय झालं ते सांगतो.

माझा मुलगा आठवीत आहे. बोलताना अडतो. चार वर्षं दर शनिवारी त्याला धंतोलीत स्पीच थेरपीला नेतो. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत शटर बंद, आणि शनिवार हा आमच्या धंद्याचा दिवस, पण ते राहू द्या. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तो अडला तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. आम्ही सगळे पाळतो. माझी आई तर तो अडला की स्वतःचे ओठ दाबून धरते. तर मंगळवारी मराठीच्या तासाला बाईंनी विचारलं, धडा कोण वाचतं? आणि माझ्या पोराने हात वर केला. स्वतःहून. बालवाडीपासून आजवर पहिल्यांदा. अर्धं पान नीट गेलं, मग 'परिस्थिती' हा शब्द आला आणि तो प वर अडला. मागच्या बाकावरून कुणीतरी दप्तराच्या आडून शूटिंग केलं. बारा सेकंदांचं.

मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा स्टिकर झाला होता. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं, खाली फिरतं चक्र आणि शब्द : 'लोडिंग'. संध्याकाळपर्यंत रील, मागे गाणं. मला कळलं कसं? पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एका आईने विचारलं, 'होमवर्क कधी टाकणार?' त्याच्याखाली दुसऱ्या आईने हसायचं म्हणून तोच स्टिकर टाकला. तो कुणाचा चेहरा आहे हे तिला माहीतही नसेल. फोन बहुतेक पोराचाच असेल. रील पाहिलं तेव्हा १,१४० व्ह्यूज झाले होते, आणि वर्गात पोट्टे आहेत साठ.

बुधवारी सकाळी पोरगा म्हणाला, "बाबा, मले नाही जायचं." एवढं वाक्य मात्र न अडता बोलला.

मग मी शाळेत गेलो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या राज्यात अशा शाळा गल्लोगल्ली आहेत आणि एकटीला धरून काही होत नाही. मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे मोबाईलला बंदीच आहे. डायरीत छापलंय. कुणी आणलाच तर सकाळी जमा करून घेतो." पुरावा म्हणून टोपली दाखवली. निळी, प्लास्टिकची, कांदे ठेवतात तशी. आत चौदा फोन.

महोदय, एकोणीस वर्षांत हाताला एक सवय लागते. चालू फोन थोडा का होईना, कोमट असतो. मी वरचा एक उचलला. थंडगार. पॉवर दाबलं, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याची बॅक ओळखीची वाटली म्हणून नखाने उचकटली, तर आत परमनंट मार्करने लिहिलेलं : 'डी ३१, बोर्ड गेला.' अक्षर माझं.

चौदापैकी पाच डेड सेट. त्यातले दोन माझ्या दुकानातले.

आता कबुली देतो. शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात युनिफॉर्ममधली पोरं येऊन विचारत होती, "काका, डेड सेट भेटन का? चालू नसला तरी चालते, फक्त बॉडी चांगली पायजे." मला वाटलं, विज्ञानाच्या प्रोजेक्टला पाहिजे असेल. दीडशे-दोनशेला असे सहा-सात सेट दिले. एवढ्यांना एकदम प्रोजेक्ट काहून लागला, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. धंद्यात असं बरंच डोक्यात येत नाही. आता कळलं की डेड सेट टोपलीत पडतो, जिवंत फोन दप्तरात राहतो, आणि शाळेच्या रजिस्टरवर लिहिलं जातं : 'जमा केले, १४.' ज्या फोनने माझ्या पोराचा स्टिकर केला, त्याच्या जागी टोपलीत पडलेला सेट कदाचित मीच विकला असेल. ही बाब घरी अजून सांगितलेली नाही. तुम्हालाच सांगतोय.

बाईंना म्हटलं, तुम्ही फोन चालू करून का बघत नाही? त्या म्हणाल्या, "कोण बघणार? आणि उद्या एखादा फोन फुटला, तर भरून कोण देणार? वरून काही लेखी आलेलं नाही." वरून म्हणजे तुमच्याकडून. मला आठवलं, गेल्या हिवाळी अधिवेशनात, मोर्चे अडवतात त्या बाजूला अडीच तास उभं राहून मी शिक्षण खात्यातल्या एका साहेबांच्या हातात याच विषयाचं निवेदन दिलं होतं. साहेबांनी गाडीची काच अर्धी खाली केली, पाकीट घेतलं आणि म्हणाले, "नवीन सत्राच्या आधी परिपत्रक निघतंय." नवीन सत्र सुरू झालं. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्याच्या मागून उघडतात, म्हणजे आम्ही तुम्हाला आठवडाभर जास्तच दिला होता.

परिपत्रक काढायला तुमच्या खात्याला वेळ लागतो, असंही दिसत नाही. पहिलीपासून हिंदीचा जीआर १६ एप्रिल २०२५ ला निघाला, १७ जूनला सुधारून पुन्हा निघाला आणि २९ जूनला दोन्ही रद्द. अडीच महिन्यांत येणं, जाणं, सगळं आटोपलं. 'एक राज्य एक गणवेश' आणला, कुणाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत, कुणाची चड्डी कमरेवर बसेना, आणि २०२४ च्या डिसेंबरात तो गुंडाळला. पुस्तकांत कोरी पानं शिवली, मग उसवली. दप्तर पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नको, हा नियम २०१५ चा आहे. माझ्या पोराचं दप्तर एकदा काट्यावर ठेवलं होतं, आकडा सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटेल. आणि शिक्षकांच्या पगारासाठी लागणारे शालार्थ आयडी बोगस काढल्याचं प्रकरण तर आमच्या नागपुरातच निघालं. शिक्षक नसलेल्यांचे पगार निघायला लागले म्हणजे आयडी तरी तातडीने तयार होत होते म्हणायचं. एका टोपलीचाच कागद तेवढा निघत नाही.

शाळांना तरी नुसती नावं कशी ठेवू? बुधवारी मी शाळेतून दुकानात परतलो तोवर ग्रुपवर मेसेज आला होता : 'आजचा होमवर्क पीडीएफमध्ये टाकला आहे. विद्यार्थ्यांनी डाउनलोड करून घ्यावा.' म्हणजे सकाळी नऊला फोन गुन्हा आणि दुपारी दोनला फोन वही. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हेच खातं म्हणालं, फोन घ्या, नाहीतर पोरगं मागे पडेल. लोकांनी घेतले. माझ्या काउंटरवर एका बाईने मंगळसूत्राच्या वाट्या मोडून आलेले पैसे मोजले होते, सेकंडहँड सेटसाठी, पोरीच्या ऑनलाईन क्लासकरता. शाळा उघडल्या, पण तो फोन परत कुणी घेतला नाही. २०२४ मध्ये तर मुख्यमंत्र्यांचं पत्र हातात धरून विद्यार्थ्यांनी पालकांसोबत सेल्फी अपलोड करायचा, असं फर्मान होतं. शाळेच्या कामासाठी फोनसमोर तोंड करून उभं राहायचं हे पोरांना कुणी शिकवलं, महोदय?

शिक्षकांचे फोनही माझ्याकडेच येतात. मागच्या महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेचे एक सर आले, "फोन लय हँग होऊन राह्यला." उघडून पाहिला तर स्टोरेज काठोकाठ. त्यांच्यासमोर बसून साफ केला. खिचडीचे फोटो, ताटांचे फोटो, हात धुताना पोरं, झाड लावताना पोरं, झेंडा धरून पोरं, संडासाचा दरवाजा बंद असलेला फोटो आणि उघडा असलेला फोटो. त्यांच्या स्वतःच्या मुलीचे फोटो निघाले नऊ. हजेरीसुद्धा डिसेंबर २०२३ पासून चॅटबॉटवर भरायला लावली आहे. सर म्हणाले, नेटवर्कसाठी खिडकीत उभा राहतो, तोवर वर्ग आपापला चालतो. मास्तर फोनमध्ये मान घालून आणि पोरांनी मात्र फळ्याकडे बघायचं. कसं बघतील?

आता आकडे. मी दहावी शिकलेलो आहे, पण वाचतो. शिक्षणाची देशभर पाहणी करणारा 'असर'चा २०२४ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. ही खेड्यांची गत, बर्डीवर काय असेल ते तुम्हीच लावा. युनेस्को २०२३ मध्ये म्हणाली की एकदा लक्ष उडालं तर परत लागायला वीस मिनिटांपर्यंत जातात. आमच्याकडे तासिका ३५ मिनिटांची. म्हणजे दोन नोटिफिकेशन आल्या की तासिका खल्लास. हिशेब माझा आहे, चुकला असेल तर गणिताच्या बाईंना विचारा, त्या निवडणुकीच्या ड्युटीवर नसतील तर.

फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा केला. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गातून फोन काढले. ब्राझीलने २०२५ च्या जानेवारीत कायदा केला, दक्षिण कोरियाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. जे कोरियावाले अर्ध्या जगाला फोन विकतात ते! लांब कशाला, यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये अठराच्या आतल्या पोरांना मोबाईल नको असा ठराव केला. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. त्यांच्याकडे मंत्रालय नाही, एक भोंगा आहे.

सरसकट हिसकावून घ्या असंही मी म्हणत नाही. माझी बायकोच म्हणते, हिंगण्याहून, वाडीहून बसने येणाऱ्या पोरी संध्याकाळी बस चुकली तर काय करतील? बरोबर आहे तिचं. दिल्ली उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच सांगितलं : पूर्ण बंदी नको, पण जमेल तिथे फोन शाळेने ठेवून घ्यावा आणि वर्गात वापर नको. येता-जाता फोन असू द्या. गेटच्या आत नको. त्यासाठी लेखी आदेश काढा, आणि त्यात फोन सांभाळायची जबाबदारी शाळेची, फुटला तर भरपाई कुणाची, हे लिहा, म्हणजे बाईंना टोपलीची भीती वाटणार नाही. ऑफिसात एक साधा फोन ठेवा, पोराला घरी लावायचा असेल तर तिथून लावेल. होमवर्क फळ्यावर लिहा, पोरं वहीत उतरवतील, हात दुखून कुणी मेलेलं नाही. आणि शिक्षकांचे फोटो बंद करा, निदान तास चालू असताना तरी.

एक फुकटचा धंदेवाईक सल्ला. फोन जमा करताना पोरालाच *#०६# दाबायला लावा. स्क्रीनवर पंधरा आकडी आयएमईआय आला तर फोन जिवंत. रजिस्टरमध्ये त्यातले शेवटचे चार आकडे लिहा. एका फोनला दहा सेकंद लागतात. यासाठी समिती नको, पोर्टल तर अजिबात नको, आणि कृपा करून त्याचा फोटो अपलोड करायला लावू नका.

ज्याने शूटिंग केलं त्या पोराचं नाव शाळेला कळलंय. त्याचे वडील दुकानात येऊन गेले, माफी मागितली, काउंटरवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. त्याला शाळेतून काढा असं मी म्हटलेलं नाही. तेरा वर्षांचं पोट्टं आहे, हातात कॅमेरा दिला तर काढेलच. पण आज शुक्रवार आहे आणि माझा मुलगा तिसऱ्या दिवशीही घरी आहे. काल मी त्याला पाण्याचं विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. उद्या धंतोलीला जायचंय. मॅडमना काय सांगू, तुम्हीच कळवा.

डेड सेट विकणं मी बुधवारीच बंद केलं. काल संध्याकाळी एक पोरगा आला, निळा शर्ट, पाठीवर दप्तर. "काका, डेड सेट?" म्हटलं, नाही. का, ते समजावून सांगत होतो, तो ऐकून न ऐकल्यासारखा निघून गेला. चार दुकानं सोडून पुढे त्याला मिळाला. आता तीनशेला देताहेत.

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला आणि आठवीतल्या मुलाचा बाप,
सीताबर्डी, नागपूर