आई अंड्यात होती तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

उत्तराला पंधरा दिवस लागले, कारण ते सगळे दिवस मी दोन कागदांवर ओणवा होतो. रेशमाच्या दोन पतंगिणींनी एकाच रात्री अंडी घातली. मोहरीहून बारीक, फिकट पिवळी, हुबेहूब सारखी. तिसऱ्या दिवशी भिंग लावलं, तर एका कागदावरची सगळी करडी-तपकिरी! दुसरीकडची पिवळीच राहिली आणि दहा-अकरा दिवसांत फुटलीही. तपकिरी मात्र निजली आहेत, म्हणजे आतल्या गर्भाची वाढ थांबली आहे.

दोघींना पाला एक, जागा एक. फरक एवढाच, की त्या स्वतः अंड्यात असताना एकीला २५ अंशांची ऊब आणि उजेड मिळाला, दुसरीला १५ अंश आणि अंधार. ऊब मिळालेलीची अंडी झोपली. म्हणजे नातवंडांची झोप आजीच्या अंड्यांवरच्या हवेने ठरवली! मी हे वाचलं होतं रे, पण डोळ्यांनी पाहिल्यावर अंगावर काटा आला.

निरोप पोचवतं ते एक संप्रेरक. पतंगिणीच्या अन्ननलिकेखाली मज्जापेशींची एक गाठ असते, तिथून ते कोषावस्थेत सुटतं. १९५१ साली हासेगावा आणि फुकुदा या जपानी शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते दाखवून दिलं. अवघ्या २४ अमिनो आम्लांची साखळी! ती अंडाशयात ट्रेहॅलेज या एन्झाइमला जोर देते. मग आईच्या रक्तातली ट्रेहॅलोज साखर अंड्यांत ओढली जाते आणि तिथे ग्लायकोजेन या पिठूळ रूपात साठते. झोप लागताना त्याचंच सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉल (साखरेसारखीच गोडसर द्रव्यं) होतं. पुरेशी थंडी खाल्ली की सॉर्बिटॉलचं पुन्हा ग्लायकोजेन होतं, गर्भ वाढू लागतो. थंडीचे दिवस मोजणारं एन्झाइमही अंड्यातच असतं, एस्टरेज ए४. मला सगळ्यात जास्त त्याचंच अप्रूप वाटतं.

डासांच्या अंड्यांमागे कोणतं संप्रेरक असतं, असं तू विचारलं होतंस. तिथे गोष्ट वेगळी आहे. मादीने रक्त प्यायलं की एक्डायसोन हे संप्रेरक वाढतं आणि तिच्या मेदपिंडात (शरीरातल्या चरबीच्या अवयवात) अंड्याच्या बलकाचं प्रथिन, व्हायटेलोजेनिन, तयार होऊ लागतं. बऱ्याच इतर कीटकांत हेच काम ज्युव्हेनाइल हॉर्मोन हे दुसरं संप्रेरक करवून घेतं.

तपकिरी कागद आता ५ अंशांवर ठेवलाय, वर तारीख घालून. दोन महिन्यांनी बाहेर काढीन. त्यानंतर अंडी फुटायला आली, की त्या आठवड्यात सुट्टी काढून येशील का? पहिली अळी कवच कुरतडून बाहेर येते, ते तुझ्याबरोबर पाहायचं आहे.

तुझा,
मित्र