पावसाच्या आकड्यांपुरते उरलेले निवळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारणा धरणाच्या पाणलोट क्षेत्रातील पावसाचे आकडे पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येतात, तेव्हा चांदोली, पाथरपुंज, धनगरवाडा यांच्या पंगतीला निवळे हे नाव हटकून असते. शाहूवाडी तालुक्यातल्या या गावात आता माणूस औषधालाही उरलेला नाही, हे मात्र कोल्हापूर शहरातील किती वाचकांना ठाऊक असेल?

चांदोली अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. त्यासाठी निवळ्यासह आसपासची गावेही उठली. जंगल राखले गेले ते चांगलेच झाले. त्यावर मला वाद घालायचा नाही. परंतु उठलेल्या गावाची दफ्तरी नोंद राहते ती जमिनीच्या क्षेत्रापुरती आणि खातेदारांच्या नावांपुरती. कारवीने वेढलेली घरांची जोती, अंगणातले उखळ, देवळापुढची दीपमाळ, पाणवठ्याकडे उतरणारी वाट यांची मोजदाद कोणी करायची, हा प्रश्न पुनर्वसन आणि वन या दोन्ही खात्यांच्या मधल्या फटीत पडून आहे.

शिवाय गाव एकटे नसते. शेजारच्या वाडीशी त्याच्या सोयरिकी असतात आणि धनगरवाड्याशी दूधतुपाचा व्यवहार असतो. पालखी आधी कोणाच्या दारी थांबायची याचे मानही ठरलेले असतात. पुनर्वसनात जमीन जिथे उपलब्ध होईल तिथे वसाहत वसते आणि एकाच भावकीची घरे दोन-तीन ठिकाणी विखुरली की हे सारे सुटते. विस्थापित खातेदारांची नोंद ठेवणाऱ्या ‘संकलन रजिस्टर’मध्ये त्याला रकाना नाही. जंगलाच्या कडेला मागे राहिलेल्या वाड्यांचे दुखणे वेगळे: गवे भात-नाचणी तुडवून जातात आणि शेतकरी पंचनाम्यासाठी हेलपाटे घालतो.

जुने गाव पाहिलेली पिढी आता थकली आहे. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने वनविभागाच्या संमतीने, या वृद्धांना सोबत घेऊन, उठलेल्या प्रत्येक गावाचा घरनिहाय नकाशा करून घ्यावा. त्यात देवस्थाने, पाणवठे आणि शेजारगावांना जोडणाऱ्या वाटाही दाखवाव्यात. तसेच ग्रामदेवतेच्या जत्रेचा एक दिवस वसाहतींतील ग्रामस्थांना प्रवेशशुल्काशिवाय जाता यावे, असा लेखी आणि कायमचा आदेश वनविभागाने काढावा. सोबत वनरक्षक द्यावेत, प्लास्टिक व ध्वनिक्षेपक यांना सक्त मनाई करावी आणि संख्येवर मर्यादा घालावी. ग्रामस्थ या अटी आनंदाने पाळतील.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर